हवालदारबाबा नेमके कुठे पडले? १९४४ सालची माहिती हवी

शिवणघर_सिडको

नमस्कार. मी नाशिकची, सिडकोत राहते, शिवणकाम करते. माहेर सिन्नर तालुक्यातलं. विचारायचं आहे ते माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाबद्दल. दुसऱ्या महायुद्धात ते गेले. घरात आणि गावात त्यांना हवालदारबाबा म्हणतात. म्हणायला बाबा, पण गेले तेव्हा तेवीसच्या आसपास होते. माझा मुलगा आज चोवीसचा आहे.

कशातून काय निघेल ते मला कळत नाही, म्हणून ठाऊक आहे तेवढं सगळंच लिहिते.

पणजी विड्या वळायची. सिन्नरकडे तेव्हा घरोघरी तेच काम. हवालदारबाबा लहानपणापासून तिच्या हाताखाली. टेंभुर्णीची पानं भिजवून ठेवायची, कातरायची, सुपात तंबाखू काढून द्यायची. नुसत्या वासावरून तंबाखू कुठली ते सांगायचे, असं आजोबा म्हणत. शाळा चौथीपर्यंत झाली. अक्षर चांगलं होतं, मोडी भराभर लिहायचे. घरात दीड एकर जिराईत आणि खाणारी तोंडं सात. १९४० च्या सुमारास भरती आहे असं कळलं तेव्हा गावातले चौघं पहाटे चालत निघाले. त्यातले दोघं छातीत कमी भरले म्हणून परत आले. हवालदारबाबा बेळगावला गेले.

सुट्टीवर ते दोनदाच आले. पहिल्या सुट्टीत लग्न झालं. दुसऱ्या सुट्टीत आले तेव्हा बाहीवर तीन फिती होत्या. आजोबा तेव्हा दहा-अकरा वर्षांचे. त्या सुट्टीत हवालदारबाबांनी त्यांना विहिरीत पोहायला शिकवलं. गावात पोरांच्या कमरेला सुका भोपळा बांधत, यांनी स्वतःचा फौजेचा पट्टा बांधला, त्याला दोर लावला आणि स्वतः काठावर दोर धरून उभे राहिले. आजोबा ऐंशीचे होईस्तोवर ही गोष्ट सांगत, आणि सांगताना हात आपोआप कमरेशी जायचा.

मग तार आली. १९४४ चा पावसाळा होता, एवढंच सगळ्यांना आठवतं. गावात इंग्रजी वाचणारं कोणी नव्हतं, म्हणून पणजोबा तार घेऊन सिन्नरला गेले आणि संध्याकाळी एकटेच परत आले. घरात शिरले नाहीत, गोठ्यात जाऊन बसले. त्यावरून घरच्यांना कळलं. ती तार पुढे हरवली. गावात समज असा की ते मिसर देशात गेले. चावडीपाशी पहिल्या महायुद्धाला गेलेल्या माणसांची संगमरवरी पाटी आहे. दुसऱ्या युद्धाची कुठे काही नाही.

थोरली आजी, म्हणजे त्यांची बायको, तेव्हा सतरा-अठरा वर्षांची. ती शेवटपर्यंत आमच्याच घरी राहिली. मला तिनेच सांभाळलं. त्यांचं नाव तिने कधी तोंडातून काढलं नाही, पण एक वाक्य मात्र नेहमी म्हणायची: ‘त्याहीला तिकडं तंबाखू नि पानी सारखं भेटत व्हतं.’ पत्रात तसं लिहिलंय म्हणायची. गावातल्या गुरुजींनी तिला ते पत्र वाचून दाखवलं होतं.

ते पत्र माझ्याकडे आहे, एकच. मोडीत आहे, खालचा कोपरा वाळवीने खाल्ला आहे. तारखेतलं ‘जुलै’ मी एका ओळखीच्या काकांकडून वाचून घेतलं, पुढचं त्यांना लागेना.

पदकं होती. १९७२ च्या दुष्काळात ती पितळेच्या भावाने गेली. वडील सांगत की दोन चांदण्या होत्या आणि एक गोल होतं. त्यांच्या फिती मात्र थोरल्या आजीने काढून ठेवल्या आणि गोधडीला लावल्या. ती गोधडी माझ्या बाळंतपणात तिने मला दिली.

खडकीला पुण्याच्या युद्धस्मशानात जाऊन आले, ओळीओळीने फिरले. इकडे एका कार्यालयात दोनदा गेले. दुसऱ्या वेळी सांगितलं की इंग्रजांच्या काळातलं आमच्याकडे नसतं, आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

मला दोनच गोष्टी हव्यात: कुठे आणि कोणत्या तारखेला. तिथी माहीत नाही म्हणून भाऊ सर्वपित्रीला त्यांचं पान वाढतो. ज्याचं काहीच ठाऊक नाही त्याच्यासाठी तो दिवस. यांचं कुठेतरी लिहिलेलं असणार, असं मला वाटतं.

माजी_सुभेदार

ताई, जय हिंद. मी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालो, आता देवळाली कॅम्पजवळ राहतो.

बेळगाव म्हणालात म्हणजे आमचीच रेजिमेंट. तेव्हाचं नाव ५वी मराठा लाइट इन्फंट्री. तिच्या पलटणी सगळीकडे होत्या. दुसरी आणि तिसरी १९४१ ला आफ्रिकेत केरेनला लढल्या. दुसरी पुढे टोब्रुकला जून १९४२ मध्ये शत्रूच्या हाती सापडली. चौथी मार्च १९४४ ला मणिपुरात शांगशाकला जपान्यांसमोर होती. पहिली आणि तिसरी इटलीत. म्हणजे नुसतं ‘मराठा पलटण’ म्हणून शोधलं तर हाती काही लागणार नाही.

तुम्ही फिती म्हणालात, तिथून सुरुवात करू. चांदणी गेली तरी फीत बोलते. प्रत्येक आघाडीच्या चांदणीची फीत वेगळी आहे. रंग नीट सांगा. कडेपासून कडेपर्यंत, क्रमाने. धुऊन धुऊन उडाले असतील तर शिवणीच्या आत बघा.

गोदातीर

माहिती मिळो ही इच्छा. पण एक मनातलं बोलतो, राग मानू नका. ही माणसं इंग्रजांच्या पगारावर इंग्रजांचं युद्ध लढली. त्याच वेळी इकडे बेचाळीसचं आंदोलन चालू होतं, लोक तुरुंगात होते. अशा मरणाला हौतात्म्य म्हणावं का, हा प्रश्न मला पडतो.

शिवणघर_सिडको

सुभेदार काका, आधी तुमचं.

तुमचं वाचलं आणि दुकान बंद करून गोधडी काढली. एका कोपऱ्यात दोन तुकडे आहेत, बोटभर लांबीचे, शेजारी शेजारी. वरून बघितलं तर एक विटकरी-पिवळट दिसतो, दुसऱ्याचा रंग ओळखूच येत नाही. थोरल्या आजीचे टाके उसवायला हात होईना. तिचा टाका बारीक, तांदळाच्या दाण्याएवढा, आणि दर चार टाक्यांनी मागे फिरलेला. शेवटी एकाच बाजूचे सहा टाके काढले आणि दुमड उलटी केली. आत रंग अगदी कोरे आहेत.

पहिली फीत सव्वा इंच रुंद. पाच पट्ट्या, सगळ्या सारख्या, प्रत्येक पाव इंचाची. मी टेपने मोजल्या. क्रम असा: लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल.

दुसरी तेवढीच रुंद, पण तीनच पट्ट्या: गडद निळा, लाल, फिका निळा.

पत्राचा फोटोही टाकते आहे. कोणाला मोडी येत असेल तर बघा.

गोदातीर, राग नाही. हौतात्म्य शब्द मी वापरलेला नाही. आजोबांच्या तोंडून ऐकलंय की दादा फौजेत गेला त्या पहिल्या वर्षी घरात पहिल्यांदा वर्षभराची बाजरी एकदम भरली. पैसे दर महिन्याला यायचे आणि पणजी ते पदरात घेऊन आधी मोजायची, मग रडायची. एकोणीस वर्षांच्या पोराने ते बघून केलं. त्याला कोणता शब्द लावायचा ते तुम्ही ठरवा. मला तो कुठे पडला ते हवं आहे.

माजी_सुभेदार

ताई, लाल-पांढरा-हिरवा-पांढरा-लाल म्हणजे इटली स्टार. मध्ये इटलीच्या झेंड्याचे रंग आहेत. दुसरी फीत १९३९-४५ स्टारची, आघाडीवर गेलेल्या सगळ्यांना मिळालेली. गोल पदक म्हणत होते ते बहुधा वॉर मेडल.

आफ्रिका स्टारची फीत वाळूच्या रंगाची असते. ती तुमच्याकडे नाही आणि चांदण्या दोनच होत्या, म्हणजे आफ्रिकेच्या लढाईत ते नव्हते. मिसरचं नाव कसं आलं असेल? आपल्या फौजा सुएझ, इराक, सीरिया, पॅलेस्टाइन अशा वाटांनी पुढे गेल्या. कोणीतरी वाटेतलं नाव गावात सांगितलं असेल आणि तेच राहिलं.

आता इटलीतल्या आपल्या पायदळ पलटणी बघू: पहिली पलटण ८व्या इंडियन डिव्हिजनमध्ये, तिसरी १०व्या डिव्हिजनमध्ये. यातली कोणती, ते पत्रावरून कळलं तर कळेल. सेन्सॉरमुळे जागेचं नाव नसणार. पण शेतकऱ्याचं पोर आजूबाजूची शेतं बघितल्याशिवाय राहत नाही.

मोडी_शिकतेय

नमस्कार ताई. मी मोडी लिपीच्या परीक्षा दिल्या आहेत, सध्या जुनी कागदपत्रं वाचायला मदत करते. तुमचं पत्र काल रात्री आणि आज सकाळी असं दोनदा वाचलं. अक्षर खरंच सुंदर आहे. आधी ओळ आखून अक्षरं तिला लटकवलेली, हात कुठे अडलेला नाही.

जे लागलं ते देते. कंस म्हणजे फाटलेलं किंवा पुसट.

‘तीर्थरूप आईस साष्टांग दंडवत विनंती विशेष येथील क्षेम (…) पत्र पावले. येथे दोहोंकडे डोंगर मधून नदी. द्राक्षाचे वेल मांडवावर नाही झाडांवर चढवितात. बैल पांढरे व फार थोर. तंबाखू निपाणीसारख (…) काळजी नसावी. भाकर नाही. पाव आहे. धाकट्यास सांगणे पट्टा (…)’

यानंतर कोपरा गेलेला आहे.

एका जागी मी बराच वेळ थांबले, ते सांगायलाच हवं. तुम्ही लिहिलं होतं की गुरुजींनी ‘तंबाखू नि पाणी सारखं’ असं वाचून दाखवलं. मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा फरकही दाखवत नाहीत. त्यामुळे ‘निपाणीसारखी’ आणि ‘नि पाणी सारखी’ हे अक्षराला अक्षर एकच दिसतं. ‘ख’ नंतरची मात्रा नेमकी घडीवर आली आहे आणि पुढचे एक-दोन शब्द झिजून गेलेत. गुरुजींनी वाचलं ते अक्षरांच्या दृष्टीने चूक नव्हतं.

पण तुमच्या घरी विड्या वळायचे, आणि विडीची तंबाखू म्हटलं की निपाणी. बेळगावला शिकलेल्या माणसाने निपाणीची शेतंही बघितली असणार. शिवाय या वाक्याच्या आधी डोंगर, नदी, वेल, बैल आहेत, म्हणजे ते शेतशिवाराचंच सांगतायत. माझ्या मते वाक्य असं आहे: ‘तंबाखू निपाणीसारखी आहे’, किंवा ‘उभी आहे’.

आजी इतकी वर्षं जे म्हणत होत्या ते मोडून टाकल्यासारखं वाटलं, म्हणून लिहू की नको असं झालं होतं. पण तुम्ही विचारलं आहे, तर जे दिसलं ते लिहिलं.

माजी_सुभेदार

मोडीवाल्या ताईंनी कमाल केली. जागा सापडली असं मी म्हणतो.

जुलै १९४४. दोहोंकडे डोंगर, मधून नदी, आणि खोऱ्यात तंबाखू. हे टायबर नदीचं वरचं खोरं. हीच नदी पुढे रोममधून जाते. इटलीत तंबाखूची सगळ्यात जुनी लागवड याच पट्ट्यातली, सोळाव्या शतकापासूनची. झाडांवर चढवलेले द्राक्षवेल आणि मोठे पांढरे बैल हेही तिकडचंच. आणि त्या महिन्यात त्या खोऱ्यात १०वी इंडियन डिव्हिजन होती. पहिली पलटण ८व्या डिव्हिजनबरोबर तिथून पश्चिमेला, फ्लॉरेन्सच्या बाजूला सरकत होती. म्हणजे हवालदारबाबा तिसऱ्या पलटणीचे.

आता तिथे काय चाललं होतं ते सांगतो. ४ जूनला रोम पडलं. जर्मन उत्तरेला मागे सरकत होते, पण पळत नव्हते. वर डोंगरात त्यांची गॉथिक लाइन नावाची संरक्षणाची फळी तयार होत होती आणि तिला वेळ मिळावा म्हणून ते प्रत्येक टेकडीवर दोन-चार दिवस अडवून धरायचे. टेकडीवर दगडी गाव, घराच्या खिडकीत मशीनगन, खालच्या वाटेवर सुरुंग. आपली पोरं रात्री चढायची, सकाळी टेकडी घ्यायची, दुपारी तिच्यावर तोफा पडायच्या, आणि समोर पुढची टेकडी तयारच. रस्ता नसेल तिथे खेचरांवरून रसद.

याच पलटणीचे, याच खोऱ्यातले नायक यशवंत घाडगे. रायगडातले, माणगावकडचे. १० जुलै १९४४. त्यांचं सेक्शन, म्हणजे दहाएक जणांची तुकडी, मशीनगनसमोर सापडलं, सेक्शनमधले सगळे पडले, उरले ते एकटे. सरळ गनवर धावत गेले. आधी ग्रेनेड टाकून गन बंद केली, मग एकाला गोळी घातली. मॅगझिन संपलं, बदलायला वेळ नव्हता, तर नळी हातात धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागल्या. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला पुतळा आहे, आणि २०२३ मध्ये तिकडे मोंतोने गावात त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ उभारलं. मी सेंटरला रिक्रूट होतो तेव्हा हा प्रसंग उस्तादांनी आम्हाला पाठ करायला लावला होता. त्यात हवालदारबाबांसारख्यांची नावं येत नाहीत. इटलीत आपले ५,७८२ जवान गेले.

हवालदाराचं काम काय होतं तेही सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला ते कळत नाही. तीन फिती म्हणजे इंग्रजी फौजेतला सार्जंट. तेव्हा प्लाटूनवर, म्हणजे काही सेक्शन मिळून झालेल्या तुकडीवर, जमादार असायचा, आज ज्याला नायब सुभेदार म्हणतात. त्याच्या खालोखाल हवालदार. सेक्शन घेऊन पुढे जायचं काम नायकाचं. हवालदार मागून सगळं सांभाळतो: गोळी किती उरली, कोणाची बाटली रिकामी आहे, जखमी कुठे पडलाय. अंधारात गोळी आणि पाणी पुढे पोचवणं हे त्याचं रोजचं काम. आणि जमादार पडला की पूर्ण प्लाटून त्याच्या अंगावर. तेविसाव्या वर्षी. ताई, थोरल्या आजी पाण्याचं म्हणायच्या ते तुमच्या मनातून जाऊ देऊ नका. पत्रात ते नसेल, पण प्लाटूनला पाणी मिळतंय की नाही हे बघणारे तेच होते.

आता शोधायचं असं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी इंटरनेटवर आहे, फुकट आहे. देश इटली टाका, वर्ष १९४४, रेजिमेंटमध्ये मराठा. पण जुनं स्पेलिंग वापरा, मध्ये ‘एच’ आणि शेवटी दोन ‘टी’. नाशिकच्या मध्ये ‘एच’ घालू नका, तेव्हा नुसता ‘एस’ लिहीत. गावाचं नाव कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं असणार. मोठ्याने वाचून बघा म्हणजे कळेल.

शिवणघर_सिडको

सापडले.

तीन रात्री लागल्या. मुलगा लॅपटॉप घेऊन बसला होता, मी शेजारी काजं करत होते. तो एकेक नाव वाचायचा आणि मी नाही म्हणायचे. तिसऱ्या रात्री त्याने गावाचं नाव वाचलं ते मला कळलंच नाही. इंग्रजीत ते भलतंच झालंय. मग तुम्ही सांगितलं तसं त्याने हळूहळू, तोडून, मोठ्याने वाचलं आणि माझ्या हातातली सुई खाली पडली. खाली पणजोबांचं नाव, आणि ‘यांचे पती’ म्हणून थोरल्या आजीचं नाव. तिचं नाव मी छापलेलं पहिल्यांदाच पाहिलं. रेशनकार्डावरसुद्धा ते चुकलेलं होतं.

हवालदार. ३री पलटण, ५वी मराठा लाइट इन्फंट्री. २० जुलै १९४४. वय २३. कॅसिनो मेमोरियल. नावं इथे टाकत नाही, भावाला विचारून मग.

काका, एक कळलं नाही. तुम्ही टायबरचं खोरं म्हणालात, आणि नाव कॅसिनोला. ते तर नकाशात रोमच्या खाली दिसतंय.

माजी_सुभेदार

ताई, सॅल्यूट.

कॅसिनोच्या त्या स्मारकावर इटलीभर गेलेल्यांपैकी ज्यांची जागा सापडली नाही त्यांची नावं आहेत, चार हजारांवर. ज्यांचं दहन नीट होऊन नोंद झाली त्यांच्यासाठी सांग्रो, रिमिनी आणि फोर्लीला वेगळी स्मारकं आहेत. कॅसिनोवर नाव म्हणजे ना कबर, ना दहनाची नोंद. घाडगेंचंही नाव तिथेच आहे. दोघं एकाच पलटणीचे, दहा दिवसांच्या अंतराने. २२ तारखेला आपल्या बाजूने चित्ता दि कास्तेल्लो हे त्या खोऱ्यातलं मोठं गाव घेतलं. म्हणजे त्याच्या दोन दिवस आधी, त्या गावाच्या अलीकडच्या एखाद्या डोंगरावर. यापेक्षा नेमकं पलटणीच्या रोजनाम्यात मिळेल. त्यात शिपायांची नावं क्वचित असतात, पण त्या दिवशी कोणती कंपनी कुठे होती ते असतं. ते मी माझ्या ओळखीने बघतो.

पंचवटीकर

आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तीर्थोपाध्यायाचं काम आहे, रामकुंडाजवळ. तिथीचा प्रश्न पहिल्या दिवशीच वाचला होता, पण तारखेशिवाय काही सांगता येत नव्हतं.

२० जुलै १९४४ म्हणजे शके १८६६, आषाढ अमावास्या. आपली दिव्यांची अवस. त्या दिवशी सूर्यग्रहणही होतं. वर्षश्राद्ध त्या तिथीला करता येईल. पितृपक्षात मात्र सर्वपित्रीऐवजी आदल्या दिवशीची चतुर्दशी धरा. शस्त्राने ज्यांना मरण आलं त्यांच्यासाठी शास्त्राने तोच दिवस राखून ठेवला आहे. पंचांगात त्या तिथीपुढे ‘शस्त्रादिहत पितृश्राद्ध’ असं छापलेलं असतं. तुमच्या भावाला ते दाखवा.

आणखी एक. देह हाती लागला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून संस्कार करतात, त्याला पालाशविधी म्हणतात. तुमच्या पणजोबांनी तो केला असेल तर बहुधा इथेच केला असेल, सिन्नरहून दुसरं कुठे जाणार? आमच्या वह्या गाववार लावलेल्या आहेत. गाव आणि आडनाव मला व्यक्तिगत निरोपाने कळवा. वही आमच्याकडे नसेल तर ज्यांच्याकडे ते गाव आहे त्यांच्याकडे पाठवतो.

शिवणघर_सिडको

काल पंचवटीत जाऊन आले, भाऊ आणि मुलगा दोघंही बरोबर होते. गुरुजींनी वही काढून ठेवली होती. लांबट, लाल कापडात बांधलेली, कागद जाड आणि कडांना हाताळून काळा झालेला. आमच्या गावाची पानं वहीच्या मधोमध आहेत. त्यांनी आधी माझ्या खापरपणजोबांची नोंद दाखवली, मग बोट खाली आणत आणत एका ओळीवर थांबले.

शके १८६६, भाद्रपद. पणजोबांचं नाव, ‘थोरले चिरंजीव लढाईत मयत, पालाशविधी केला’, आणि शेजारी अंगठा. शाई जास्त लागल्यामुळे अंगठ्याच्या रेघा भरून गेल्या आहेत, नुसता निळा ठसा दिसतो. त्यांच्या अंगठ्याखाली अजून एक छोटा अंगठा आहे. गुरुजी म्हणाले, बरोबर मुलगा आणला असेल. म्हणजे आजोबा होते तिथे. आयुष्यभर विहिरीची गोष्ट सांगितली त्यांनी, ही एकदाही सांगितली नाही.

गुरुजींनी त्याच पानावर नवी नोंद करून घेतली. कॅसिनो, तारीख आणि तिथी लिहिली, खाली भावाची सही, मुलाची सही. मग म्हणाले, तुम्हीही करा. मी केली.

भाऊ यंदा चतुर्दशीला पान वाढणार आहे. त्याने विचारलं, पानावर तंबाखू ठेवायची का? मी म्हटलं, ठेव, निपाणीची आण. आणि पाण्याचा तांब्या भरून ठेव. थोरली आजी म्हणायची तसंच.

सुभेदार काका, रोजनाम्याचं कळलं की सांगा, घाई नाही. गोधडीचे सहा टाके मी परत घातले, तिच्यासारखे बारीक जमले नाहीत.

मोडी_शिकतेय, तुला अजून एक त्रास देते. शेवटच्या ओळीत ‘धाकट्यास सांगणे पट्टा’ इथपर्यंत तू लावलंस. त्याच्यापुढच्या अक्षराचा वरचा तुकडा शिल्लक आहे, वाळवीच्या भोकाच्या अगदी कडेला. काल रात्री पत्र काचेवर ठेवून खालून दिवा लावला, तेव्हा तो जरा स्पष्ट दिसला. मला तो ‘न’सारखा वाटतो, मुलगा ‘ठ’ म्हणतो. फोटो जवळून काढून टाकला आहे. सवड मिळेल तेव्हा बघ.